बत्त्याची नाडी

"पाचही जणांना पित्तच?"

आप्पांनी विचारलं आणि श्रीरंगची मान ताठ झाली.

"हो, पाचही जणांना. नाडी बेडकासारखी टुणटुण उडत होती. बेडूक म्हणजे पित्त, पोथीत तसंच दिलंय."

"अरे वा! म्हणजे गावात पित्ताची साथच आली म्हणायची."

ओटीवरचे रोगी खो-खो हसले. श्रीरंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पोरगं हुशार होतं हो. चार वर्षं आप्पा वैद्यांच्या घरी राहिलं, पोथी तोंडपाठ केली, आणि जरा शिंगंही फुटली. आज शेवटची परीक्षा होती. पार पडली तर उद्या आपल्या गावी जाऊन दवाखाना थाटायचा. नाही तर वैद्यकी सोडून मामाच्या पिठाच्या गिरणीवर बसेन, असं त्यानं आईला कळवूनही टाकलं होतं. एवढी घाई कुणी सांगितली होती?

आप्पांनी रोग्यांना अंगणात बसायला सांगितलं. मग खलातला लोखंडी बत्ता उचलून श्रीरंगपुढे धरला.

"याची नाडी बघ."

"आप्पा, थट्टा करता गरिबाची?"

"बघ तर खरं."

श्रीरंगनं तीन बोटं टेकवली. आप्पा समोर बसून टक लावून बघत होते...

बोटांखाली बेडूक उडत होता.

त्यानं बोटं उचलली, सदऱ्याला पुसली, पुन्हा टेकवली. बत्ता आपला थंडगार, आणि बेडकाचं टुणटुण चालूच.

"काय म्हणतोय बत्ता? पित्त?"

श्रीरंगला रडूच कोसळलं.

"ही माझीच धडधड आहे, आप्पा! सकाळपासून मी रोग्यांची नाही, माझीच नाडी बघत बसलो. तुम्ही घरात नसता तेव्हा एक चूक होत नाही माझी. तुम्ही समोर बसलात की तोंडाला कोरड पडते. वाटतं, आता चूक काढणार. गावी तर अख्खा गाव टपून बसेल... मी नाही जात. आपली गिरणीच बरी."



आप्पा उठले आणि त्याच्या शेजारी येऊन बसले, खांद्याला खांदा लावून, तोंड अंगणाकडे करून. उजवा हात त्याच्या मांडीवर ठेवला.

"आता माझी बघ."

श्रीरंगनं बोटं ठेवली. नाडी उडत होती.

"माझीच असणार," तो पुटपुटला.

अंगणात कोंबडी माती उकरत होती, आप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या अंगाला नेहमीसारखा सुंठीचा वास येत होता. पहिल्या वर्षी श्रीरंग तापानं फणफणला, तेव्हा हा म्हातारा तीन दिवस त्याच्या उशाशी असाच न बोलता बसून होता. ते आठवलं आणि त्याला एकदम बरं वाटलं. छातीतली धडधड हळूहळू खाली बसली.

...पण बेडूक उडतच होता.

त्यानं डाव्या हाताची बोटं बत्त्याला लावून पाहिली. बत्ता गप्पगार.

"आप्पा! ही तर तुमची!"

"हं."

"केव्हापासून?"

"पहाटेपासून. तू परीक्षेला बसणार होतास ना."

श्रीरंग त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. ज्या नजरेची त्यानं सकाळपासून धास्ती घेतली होती, ती नजर आत्ता कोंबडीकडे बघता बघता पाण्यानं भरली होती.

"मग, वैद्यबुवा, औषध काय देता?"

श्रीरंगनं मनातल्या मनात पोथी चाळली. आवळा, गुळवेल, धन्याचं पाणी... कशावरच मन ठरेना. पण मनगट काही त्यानं सोडलं नाही. दोन्ही हातांनी ते घट्ट धरून तो तसाच बसून राहिला.

अंगणातले रोगी खाकरायला लागले.

आप्पांनी हलकेच हात सोडवून घेतला, उपरण्यानं डोळे टिपले.

"औषध लागू पडलं. त्या पाच जणांना परत आत बोलव, मी आहे इथंच... आणि हो, उद्याची एस.टी. सातला सुटते."