तांबड्या माशांचा पावसाळा

पूर्वी शूर्पारक नगरात वज्रबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व समुद्राच्या तळाशी तांबड्या माशाच्या जन्मात होते. तिथं सूर्य पोहोचत नाही. पाणी हाडं गोठवील असं गार, आणि त्याचं ओझं असं की वरचा मासा चिरडून जाईल. लाल रंग त्या काळोखात काळाच दिसतो, म्हणून तांबडं असणं हेच लपणं. खायला वरून गळेल ते, त्यामुळे वाढ सावकाश. माणसाचं पोर लग्नाला येईल एवढ्या वयात तिथली मादी पहिली गाभोळी, म्हणजे पोटात अंडी, धरते. मग ऐन थंडीत सगळा थवा पाण्याखालच्या एका डोंगराभोवती अंडी घालायला जमतो.

किनाऱ्यावर पिंगल नाखवा राहत होता. पावसाळ्यात मासळी गाभोळीला येते, म्हणून होड्या ओढून ठेवायच्या, हा कोळ्यांचा नेम. तो त्यानं कधी मोडला नव्हता आणि त्याचा ताठाही होता. एका हिवाळ्यात त्याचा लांब दोराचा गळ त्या डोंगरावर उतरला आणि एक तांबडी मादी वर आली. ती राजवाड्यात गेली आणि राजाला तिची चव लागली. सगळ्या होड्या घेऊन तिथं जा, असा पिंगलला हुकूम सुटला. जागा एकट्या पिंगललाच ठाऊक होती.

राजवाड्यात धाडण्याआधी ती मादी कापताना बायको रोहिणीला गाभोळी दिसली होती. हुकूम आल्यावर तिनं ते सांगितलं, तर पिंगल हसला. थंडीत कसली गाभोळी, बायकांनी विळीपुरतं बोलावं, म्हणाला.

"नाखवा, नेम पावसासाठी आहे की गाभोळीसाठी, ते आधी ठरवा," रोहिणी म्हणाली.

ते त्याला टोचलं. होड्या निघण्याआधी तो एकटाच तिथं पाहायला गेला. त्यानं गळ सोडला. खाली एक भरल्या पोटाची मादी आमिषाकडे वळली. बोधिसत्त्वांनी तिला बाजूला सारून गळ स्वतः गिळला. वर येता येता पाण्याचं ओझं सुटलं, अंग फुगलं, डोळे बाहेर आले. होडीत पडल्या पडल्या ते शांतपणे बोलले.

"पिंगला, माझं राहू दे. तुमच्या उथळ पाण्यातली पिल्लं बघता बघता मोठी होतात, आमची होत नाहीत. हा डोंगर एकदा रिकामा झाला तर तुझ्या नातवालाही भरलेला दिसायचा नाही. नेम पाळणारा म्हणवतोस ना? आमचा पावसाळा आज आहे."

एवढं बोलून त्यांनी प्राण सोडला. पिंगलनं तो देह पाण्यात सोडला आणि थेट राजवाडा गाठला. जागा दाखवणार नाही, एवढंच सांगितलं. राजानं त्याची होडी काढून घेतली. पुढं तो जन्मभर खाडीत हातजाळं टाकून जगला. होडी गेली त्या दिवशी घरी रोहिणीनं टोमणा मारला नाही. ताट वाढलं आणि ती शेजारी बसली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, त्या वेळचा राजा म्हणजे आज भिक्षापात्र भरलं नाही की चिडणारा हा भिक्खू. रोहिणी म्हणजे समोर बसलेली स्पष्टवक्ती थेरी, ही ज्येष्ठ भिक्खुणी. पिंगल म्हणजे जाळं सोडून संघात आलेला तिच्या पलीकडचा म्हातारा. आणि तो तांबडा मासा मीच होतो. याला दानपारमिता म्हणतात: न जन्मलेल्यांसाठी स्वतःचा देह देणं.