सहा कानांचं पाल

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको हौसा दुसरा शब्द वापरायची, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

केरबाला एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. त्याच्या अंगातली हीच मोठी खोड. विसरला असता तर हौसाचा संसार सुखाचा झाला असता.

हौसा बत्तासे करायची. चैत्रात भैरोबाच्या डोंगरावर जत्रा भरायची, तिथं ती चार टोपल्या बत्तासे घेऊन बसायची. तेवढ्यावर घराचं वर्ष निघायचं. पण चैत्रातला वळीव कुणाला विचारून येत नाही. डोंगरावर ताडपत्री न्यावी तर ती एवढी जड, की ती उचलणाऱ्यानं बत्तासे घरीच ठेवावेत. म्हणून हौसानं छत्रीच्या कापडाचं पाल घरी शिवलं होतं. घडी केली की काखेत मावायचं. त्याला सहा कान, म्हणजे दोरी ओवायचे फासे. चार कोपऱ्यांना चार आणि लांब कडांच्या मध्यावर दोन. गेल्या वर्षी वाऱ्यानं तीन कान कापडासकट उपटले, वरून पाऊस आला आणि चार टोपल्या बत्तासे पाक होऊन डोंगर उतरले. मुंग्यांची जत्रा महिनाभर चालली होती.

यंदा तसं होऊन चालणार नव्हतं. पाल हौसा स्वतःच भक्कम करणार होती. पण जत्रेला चार दिवस असताना पाकाची कढई कलंडली आणि तिचा उजवा हात पोळला. सुई धरवेना. घरात दुसरे हात केरबाचेच.

"अवं," हौसा म्हणाली, "माळ्यावर पाल आहे. खाली घेऊन या."

केरबा शिडीनं वर गेला. वर बराच वेळ धडपड झाली. दोन मडकी फुटली. मग तो मूठ मिटून खाली आला. मूठ उघडली, तर आत वळवळणारं शेपूट.

"बाकीची पळाली," केरबा म्हणाला. "ओढली तर एवढीच हातात आली."

हौसानं डाव्या हातानं कपाळ धरलं. "अवं, कापडाचं पाल! भिंतीवरची पाल घेऊन मी काय तिला जत्रा दाखवू?"

"कापडाचं. आता कळलं. ध्यानात ठेवतो."

हे 'ध्यानात ठेवतो' ऐकलं की हौसा देवापुढं हात जोडायची.

तिनं स्वतःच पाल खाली काढलं, अंगणात पसरलं आणि उरलेल्या कापडाचं गाठोडं त्याच्यापुढं ठेवलं.

"हे बघा. कापड पातळ आहे. कान नुसताच शिवला तर वारा कापड फाडतो. म्हणून जिथं दोरी बांधतात, तिथं दुहेरी ठिगळ लावायचं. तिथंच सगळी ओढ बसते. समजलं?"

"दोरी बांधतात तिथं ठिगळ. दुहेरी."

"हां. पोराला सांगितलं असतं तरी एवढं समजलं असतं."

हौसा मागच्या पडवीत चटईवर वाळलेले बत्तासे सोडवायला गेली. दुपार टळली तशी शेळी ओरडायला लागली. हौसा बाहेर आली. शेळीच्या गळ्याभोवती छत्रीच्या कापडाचं दुहेरी ठिगळ, पाटलाच्या कोटाच्या कॉलरीसारखं. विहिरीच्या घागरीच्या गळ्याला ठिगळ. वाळत घालायच्या दोरीच्या दोन्ही खांबांना ठिगळ. गाठोड्यातलं निम्मं कापड संपलेलं. आणि केरबा गुडघे जुळवून, घाम पुसत उभा.

"तुम्हाला काय झालं?"

"लेंग्यालाही दोरीच असते ना? तिथं पण दुहेरी लावलं. नाडी आतच शिवली गेली. सकाळपासनं तटलोय गं."

हौसानं आधी कात्री आणली. माणूस मोकळा करून आणला. मग तोंड सोडलं. "दोरी म्हणजे गावातली सगळी दोरी का? कानाला! कानाला लावायचं!"

"कानाला. आता कळलं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी ती समोर बसूनच राहिली. केरबानं चौकोनी ठिगळ कापलं. हौसानं ते उचलून त्याच्या अंगावर फेकलं.

"कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा राहिला की तिथनंच उसवायला लागतं. कोपरा म्हणून ठेवायचा नाही!"

"कोपरा ठेवायचा नाही."

"कडेनं टाके घाला. मधे फुली मारा. आणि झालं की कान धरून ओढून बघा. पाय रोवून ओढा. कच्चा असला तर हितंच हातात येऊ दे, डोंगरावर नको."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? सगळे कान ओढून बघा!"

केरबाची शिलाई मात्र चांगली होती. अक्कल नसलेल्या माणसाचा हात सरळ चालतो, त्याला मधे विचार आडवा येत नाही. सहा कान, सहा गोल ठिगळं, प्रत्येकावर फुली. एकेक कान त्यानं पाय रोवून ओढला. एक टाका हलला नाही. हौसाला जरा बरं वाटलं. ती हाताचं फडकं बदलायला आत गेली.

तेवढ्यात जत्रेचे पंच रावजीनाना दारात आले. डोंगरावरची जागा वाटून द्यायचं काम त्यांचं. म्हातारा मानाचा भुकेला. हातात जागेची चिठ्ठी होती.

"केरबा, हौसाबाई आहे का?"

केरबानं त्यांच्या कानांकडं पाहिलं. सगळे म्हणजे सगळे. त्यानं नानांचे दोन्ही कान धरले, उंबऱ्याला पाय लावला आणि ओढले. नाना गुडघ्यावर आले. आरोळी अशी उठली, की शेळीही गप्प झाली.

"पक्के आहेत," केरबा आत बघून ओरडला. "ठिगळाची गरज न्हाई!"

नानांनी चिठ्ठी अंगणात भिरकावली आणि दोन्ही कान झाकून चालू लागले. हौसा अनवाणी त्यांच्या मागं धावली. "नाना, पाया पडते, ह्या ठोंब्याचं मनावर घेऊ नका." वेशीपर्यंत विनवत गेली. शेवटी नाना म्हणाले, "चिठ्ठीवर लिहिलेला नंबर तुझाच. जा. पण त्याला माझ्यासमोर आणू नको."

हौसा परतली. केरबा कात्री घेऊन बसला होता. चिठ्ठी त्याच्या हातात होती, चांगली पुरीसारखी गोल.

"चार कोपरे होते," तो म्हणाला. "चारही टोकदार. उसवली असती."

"नंबर कुठं लिहिला होता?"

"वरच्या कोपऱ्यात."

हौसानं अंगणात कोपरे शोधले. तिनं चुलीत बघितलं. कोपऱ्यांची राख झाली होती. कचरा तसाच पडू द्यायचा नाही, हे तिनंच त्याला लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं.

जत्रेच्या दिवशी दोघं डोंगर चढले. नानांकडं पुन्हा जायला तोंड नव्हतं, आणि नंबर नसलेल्याला उरलेली जागा. उरलेली जागा म्हणजे कड्याकडचा उघडा कातळ. तिथं वारा असा, की बोललेलं निम्मं खाली गावात जाऊन पडावं. केरबानं खुंट्या ठोकल्या. कातळात त्या कुठल्या जातात? वाकल्या.

हौसा टोपल्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "खुंट्या मरू देत. जे जागचं हलत नाही, अशाला बांधा."

शेजारी जत्रेचं ओझं वाहणारी गाढवं उभी होती. त्यांचा मालक एकेकाच्या पाठीत काठी घालत होता. "मेलं जागचं हलत न्हाई! सकाळधरनं एक हलत न्हाई!" दमला आणि तंबाखू मळायला निघून गेला.

केरबानं गाढवं मोजली. सहा. पालाचे कानही सहा. त्याचा आनंद काय सांगावा!

मधे बांबू उभा करून पाल ताणलं गेलं. हौसानं आतून पाहिलं. कापडाला सुरकुती नाही. वारा आदळला, कान तसूभर हलले नाहीत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याला म्हणाली, "बरं जमलं हो तुम्हाला." दोऱ्या कुठं गेल्यात ते बघायला मात्र ती बाहेर आली नाही.

गिऱ्हाईक जमलं. आणि कड्यावर काळा ढग चढला. कडाड करून वाजलं.

गाढवं जागची हलली. सहाच्या सहा, एकदम, उताराला.

बांबू गेला. पाल गेलं. गाढवांवर नवरदेवावर धरलेल्या चांदव्यासारखं ताणलेलं पाल फडफडत डोंगर उतरायला लागलं. एकही कान तुटेना. हौसानं पदर खोचला आणि मागं धावली. धावता धावता ओरडली, "अवं, बघता काय! भिजायच्या आत टाका बत्तासे! आत टाका सगळे!"

टोपल्यांमागं ठेवलेली रिकामी पिशवी तिच्या डोळ्यांपुढं होती. मेणकापडाची. तिचं नाव घ्यायला वेळ कुठला?

डोंगराच्या निम्म्यावर तिनं गाढवं गाठली. दोऱ्या सोडल्या, पाल काखेत मारलं आणि धापा टाकत वर आली. वर आभाळ स्वच्छ झालं होतं. ढग आला तसा निघून गेला होता. थेंब पडला नव्हता.

कातळावर चार टोपल्या पालथ्या. भोवती अख्खी जत्रा, बोटं चाटत. मधे केरबा, पोट नगाऱ्यासारखं, दोन्ही गाल फुगलेले. त्यानं एकेका माणसाला हात जोडून विनवलं होतं, "मंडळी, आत टाका, तिनं सांगितलंय, लवकर आत टाका."

हौसाला पाहून त्यानं शेवटचा घास कसाबसा गिळला.

"हौसा," तो म्हणाला, "एकसुद्धा भिजू दिला न्हाई."