बिननावाचं उपरणं

“...म्हणजे माझ्या भावाच्या रंगाला नावच नाही म्हणता?”

हणमंतानं दोरीवरचं उपरणं ओढूनच काढलं. डोळे रडून सुजलेले, पण आवाज भांडायला आल्यासारखा.

दस्तगीरबाबा कढईतलं कापड काठीनं हलवत होते. धंद्यानं रंगारी, मनानं फकीर. हणमंताचा थोरला भाऊ परशा त्यांचा शिष्य. गेल्या महिन्यात तापानं गेला. हे उपरणं त्यानं शेवटचं रंगवलेलं. काथ आणि हिरड्याचा तांबूस, सावळा रंग.

बाबांच्या रंगशाळेची एक रीत होती. ज्या वस्तूवरून रंग घेतला, ती कापडाच्या टोकाला बांधायची आणि तिचंच नाव रंगाला द्यायचं. दोरीवर आमसुली लुगड्याला आमसूल लटकत होतं, डाळिंबी शेल्याला डाळिंबाची साल, मोरपंखी फेट्याला पीस.

परशाच्या उपरण्याचं टोक रिकामं होतं.

“काय बांधू म्हणून मी विचारलं होतं त्याला,” बाबा म्हणाले. “हसला नुसता. म्हणाला, बाबा, बांधायला आणली तर पळून जाईल.”

“मग परशाचंच नाव द्या की!”

“माणसाचं नाव नाही देत.”

“का?”

“जांभूळ पुढच्या साली पुन्हा पिकतं. अबोली पुन्हा फुलते. रंग चुकला असं वाटलं, तर जाऊन ताडून बघता येतं. परशाला कुठं बघायला जाऊ?”

हणमंताचं टाळकंच सरकलं.

“तोंड सांभाळा, बाबा! एवढा राबला तुमच्याकडं, आणि त्याच्या नावाची एक चिंधीसुद्धा ठेवायची नाही तुम्हाला?”

उपरणं खांद्यावर टाकून तो तरातरा निघाला.

“थांब.”

तो थांबला.

“वळू नको.”

बाबांनी काठी ठेवली. ओले हात धोतराला पुसत ते मागून आले. उपरण्याची कड उचलून त्यांनी हणमंताच्या उघड्या मानेला लावली. कडेवरून मानेकडं, मानेवरून कडेकडं बघत राहिले...

“परशा इथं कसा यायचा रे?”

“गाडीतनं. मीच सोडायचो की रोज.”

“गाडी हाकायचं कोण?”

“मी. तो मागं बसायचा, काथासाठीच्या खैराच्या ढलप्यांवर.”

“मग रोज त्याच्या डोळ्यांसमोर काय असायचं?”

हणमंताचा हात आपसूक मानेवर गेला. उन्हानं रापलेल्या त्या कातडीवर तो तसाच राहिला.

...

“मी तर शिव्याच द्यायचो त्याला,” तो कसाबसा म्हणाला. “उशीर करतो म्हणून. कधी मागं वळून बघितलं नाही.”

“ऐकू यायच्या. ओढ्यापलीकडून.”

हणमंताला रडता रडता हसू फुटलं. महिनाभर तो नुसता जळत होता. आता छातीतलं काहीतरी सैल झालं. आपल्याला कुणी इतकं न्याहाळलं होतं. नुसतं न्याहाळलं नव्हतं, काथात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून जपलं होतं. आणि आपल्याला पत्ताच नाही...

तो बाबांच्या पायाशी वाकला. बाबांनी पाय मागे घेतले.

“माझ्या कसल्या पाया पडतोस? जन्मभर मी पानंफुलं बघत बसलो. माणसाकडं बघावं, हे त्यानं मला शिकवलं. माझाच नमस्कार राहिला त्याला.”

त्यांनी उपरण्याला दोन्ही हात जोडले. मग पुन्हा कड हणमंताच्या मानेजवळ नेली आणि डोळे बारीक केले.

“जरा फिकट पडलास.”

“घरातच पडून होतो. तो गेल्यापासनं दार उघडावंसं वाटलं नाही.”

“हं...”

“बाबा, मग आता नाव काय ठेवायचं याचं?”

“नावाचं राहू दे. तू आधी उन्हात हिंड.”