खैरापूरच्या महाराजांचा नेम

खैरापूरच्या कोठारात पारवे शिरले आणि महाराजांनी विलायतेहून हवेची बंदूक मागवली! खिडक्या लावून घेतल्या असत्या तर अर्ध्या दिवसात काम झालं असतं. पण मग शिकार कसली? म्हणून खिडक्या मुद्दाम सताड उघड्या. महाराज रोज सकाळी जोंधळ्याच्या राशीसमोर खुर्ची टाकून बसत आणि शिशाचे छर्रे फटाफट उडवत. पारवे या तुळईवरून त्या तुळईवर जात, छर्रे मात्र इमानेइतबारे राशीत पडत. "वा सरकार! काय नेम!" म्हणून दिवाणजी टाळ्या पिटत. पगार त्याचाच होता म्हणा.

कोठारात धान्य पाखडायला हौसाबाई होती. पंधरवड्यात तिच्या सात कोंबड्या माना टाकून मेल्या. तिने एकीचं पोट चिरलं, तर आत दाण्यांबरोबर चार छर्रे! ते तळहातावर घेऊन ती थेट दरबारात गेली.

"सरकार, कोठाराच्या झाडलोटीतलं दाणं खाऊन माझ्या कोंबड्या मेल्या. शिसं इखारी असतंय. परवा कोठार उघडलं की हेच जोंधळं समद्या गावाच्या जात्यात जाणार. लेकरं खाणार!"

"मग पाखडून काढ की!" दिवाणजी खेकसले.

"पाखडलं की हलकं उडून जातंय, दिवाणजी. जड हाय ते सुपात बसून राहतंय. दरबारात मातुर हलकंच बसून राहतंय!"

कोणीतरी खुसखुसलं. महाराज लालबुंद झाले.

"आमचा नेम आजवर एकदाही चुकलेला नाही! तुला छर्रे दिसतात ना? मग परवापर्यंत अख्ख्या कोठारातले वेचून काढ. एक जरी राहिला, तर संस्थानाबाहेर!"

नेम चुकत नाही म्हणे, आणि छर्रेही वेचून काढ म्हणे. दोन्ही एकाच दमात! शंभर खंडी जोंधळा आणि छर्रा दाण्याएवढा. सगळं गाव बसलं असतं तरी वर्ष सरलं असतं. हौसा "जी सरकार" म्हणून घरी गेली आणि दोन दिवस निवांत गोधडी शिवत बसली.

खैरापुरात रीत अशी, की नव्या जोंधळ्याची पहिली भाकरी महाराजांनी सगळ्यांसमोर खायची, मगच कोठार गावाला खुलं व्हायचं. ठरल्या दिवशी कोठारासमोर चूल पेटली. त्याच राशीतला जोंधळा दळून हौसाने भाकरी थापली. टम्म फुगलेली भाकरी महाराजांच्या ताटात आली.

"छर्रे वेचलेस?"

"न्हाई सरकार. एकबी न्हाई."

"काय?"

"वेचायला असाय तर पायजेत! सरकारांचा नेम चुकत न्हाई. म्हंजी जेवढं छर्रं सुटलं, तेवढं पारव्यांच्या अंगात गेलं. राशीत पडतील कुठनं? खावा बिनघोर!"

महाराजांनी भाकरी उचलली. मागून पुढून पाहिली.

"यात छर्रा दिसत तर नाही..."

"जात्यातनं गेल्यावर कसा दिसंल? शिसं मऊ, पिठात मिसळून जातंय."

भाकरी ताटात परत गेली. "दिवाणजी, आधी तुम्ही चाखा."

"मी? सरकार, आज माझी एकादशी!"

"एकादशी? परवाच तर अवस झाली!" हौसा म्हणाली.

गाव टक लावून बघत होतं. खिडकीत एक पारवा घुमत होता, धट्टाकट्टा, अंगावर ओरखडा नाही. महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं.

"हौसा," ते पुटपुटले, "चुकतो आमचा नेम."

"मोठ्यानं, सरकार! मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

"चुकतो! रोज चुकतो!" महाराज ओरडले. "ही रास पुरून टाका! गावाला आमच्या खासगी कणग्यांतलं धान्य द्या! आणि तुला काय हवं ते माग."

"सात कोंबड्या. आन् ती बंदूक."

"बंदूक? तू पारवे मारणार?"

"मारू कशाला? कोठाराच्या समद्या खिडक्या लावून घेते आन् मोडक्या कडीच्या खिडकीला हिचा अडसर घालते. मग बघा, सरकार, या बंदुकीपुढं एक पारवा आत यायचा न्हाई!"

महाराज पोट धरून हसले, मुंडासं सुटेपर्यंत हसले. संध्याकाळी सात कोंबड्या आणि बंदूक हौसाच्या दारी पोचली. डोक्यावर खुराडं घेऊन दिवाणजी स्वतः आले होते. उपाशीपोटी! एकादशी होती ना.