चौथ्या बाजूचं पीठ

एकदा एक वृद्ध मास्तर कोकणातल्या सड्यावर राहत होते. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. काळा कातळ, भेगांतून उगवून वाळलेलं गवत आणि वर नुसतं आभाळ. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे स्वतःची एक विचित्र शाळा काढली होती. मनात काहीतरी सलत असलेली मोठी माणसं तिथे यायची आणि मास्तर त्यांना उपदेश न करता एखादी वस्तू बनवायला बसवायचे. कुणाला खुर्ची, कुणाला पतंग, कुणाला बंद पडलेलं घड्याळ. माणूस तोंडानं खोटं बोलतो, हातानं त्याला तितकं जमत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्याकडे जयवंत नावाचा शिष्य आला. पन्नाशीचा गृहस्थ, गावात औषधांचं दुकान. माणूस सज्जन, पण एकदा मनात धरलं की धरलं. दुकानात झोपेच्या गोळ्यांची खोकी रचलेली आणि मालकालाच झोप नाही, अशी त्याची गत झाली होती.

कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी त्याची आई थोरल्या भावाच्या घरी वारली. निरोप उशिरा मिळाला आणि जयवंत पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आता तुम्हाला ठाऊक असेल, माणूस गेलं की त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. मग सकाळी टोपली उचलून पिठात कुणाचं पाऊल उमटलं ते पाहतात. गाईचं, पाखराचं की माणसाचं. त्यावरून गेलेला जीव कुठे गेला ते कळतं म्हणतात. जयवंत आला तेव्हा ते पीठही झाडून झालं होतं. त्यानं भावाला विचारलं, "दादा, पिठात काय उमटलं होतं?"

दादा काही बोलला नाही. जयवंतनं पुन्हा विचारलं, तर त्यानं मान फिरवली.

आईचं शेवटचं दर्शन गेलं ते गेलंच, पण एवढी एक गोष्ट सांगायलाही याची जीभ उचलू नये? जयवंतच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं वाटणी मागितली आणि चार माणसांसमोर सांगून टाकलं, "तुझ्या हद्दीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही."

वाटणीची रेषा सड्यावरूनच गेली. चुना फासलेल्या दगडांची ओळ. पूर्वेला जयवंत, पश्चिमेला दादा. दादाचं घर पलीकडच्या उतारावर होतं, रेषेच्या अलीकडून त्याची फक्त कौलं दिसत. तेव्हापासून दोघा भावांत एक शब्द नव्हता. यंदा तर लोक म्हणत होते की घराला कुलूप आहे, दादा मुंबईला इस्पितळात आहे. कुणी त्याहून वाईटही काही म्हणत होतं. जयवंत ऐकून घ्यायचा. स्वतः जाऊन पाहिलं मात्र त्यानं कधी नव्हतं.

मास्तरांनी त्याच्यासमोर एक खोका ठेवला. छोट्या रॉकेटचं किट होतं ते. पुठ्ठ्याची लांब नळी, हलक्या लाकडाचे पंख, टोकदार नाक, पातळ कागदासारखं पॅराशूट आणि खाली बसवायला फटाक्याची दारू भरलेल्या चार मोटरी, बोटभर लांबीच्या.

"एका मोटरीचं रॉकेट कुणीही उडवतो," मास्तर म्हणाले. "हे चारांचं आहे. चारही एकाच क्षणी पेटल्या पाहिजेत. एक राहिली, तर जी राहिली त्या अंगाला हे कलणार, हे ध्यानात ठेव."

जयवंतनं ते मन लावून जुळवलं. पंख काटकोनात बसले की नाही ते पुन्हापुन्हा पाहिलं, डिंक वाळेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला. मास्तर खूश झाले.

रॉकेट उभं करायला सळई लागते आणि सळई रोवायला कातळात भोक. सड्यावर गवत नसलेली सपाट जागा एकच होती आणि तिथे भोकही आयतं होतं. वडिलांनी दादाच्या लग्नात मांडवाचा खांब उभा करायला पाडलेलं. वाटणीची रेषा नेमकी त्याला खेटून गेली होती. जयवंतनं सळई रोवली, रॉकेट तिच्यावर चढवलं, चारही मोटरींच्या ठिणगीच्या तारांना चिमटे लावले, लांब जाऊन बॅटरीच्या पेटीत किल्ली फिरवली आणि बटण दाबलं.

रॉकेट फूत्कारत उठलं. जरा वर गेलं आणि मान वळवावी तसं पश्चिमेला वळलं. वारा समुद्राकडून येत होता, म्हणजे पश्चिमेकडूनच. त्याला न जुमानता ते त्याच्या तोंडावर गेलं आणि दादाच्या कौलांमागे उतरलं. कुठेतरी टिटवी ओरडली. मग सडा पुन्हा गप्प झाला.

आणायला जाणं शक्य नव्हतं, शपथ होती. पण दुसऱ्या दिवशी जयवंत सड्यावर आला, तर रॉकेट चुन्याच्या दगडावर नीट आडवं ठेवलेलं. तीन मोटरी जळलेल्या, आपल्या जागी. चौथी, न पेटलेली, बाहेर काढून बाजूला ठेवलेली आणि पाण्यानं चिंब. आणि पॅराशूट? त्याची चारही टोकं आत दुमडून वर एक घडी घातलेली. अशी घडी जयवंतनं आयुष्यात एकाच माणसाच्या हातची पाहिली होती. आई विड्याचं पान असंच दुमडायची.

त्यानं सगळ्या मोटरी बदलल्या. तारा नव्या घेतल्या. रॉकेट सळईवर फिरवून बसवलं, म्हणजे मागच्या वेळी पश्चिमेला असलेलं मोटर बसवायचं भोक आता पूर्वेला आलं. बटण दाबलं. तीन पेटल्या, पश्चिमेची राहिली. रॉकेट वळलं आणि कौलांमागे गेलं. सकाळी दगडावर हजर, तीच घडी, तीच भिजलेली चौथी मोटर. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं. मोटर कुठलीही असो, तार कुठलीही असो, पश्चिमेला जी येईल ती पेटायची नाही.

जयवंत मास्तरांकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, आईच बोलावतेय मला," तो म्हणाला. "कुलूप लावलेल्या घरातून दुसरं कोण घडी घालून पाठवील? तिचा जीव अडकलाय तिथे आणि ती माझ्यावर रागावलीय. मला भीती वाटते हो. उद्या शेवटचं उडवतो. पुन्हा तिकडेच गेलं तर दुकान विकणार आणि हा गाव सोडणार. परत यायचा नाही."

मास्तरांनी त्याच्यापुढे चटई सरकवली.

"नाहीतर एक करू," जयवंत घाईघाईनं म्हणाला. "पश्चिमेची मोटर काढूनच टाकू. तिच्या समोरची, पूर्वेचीही काढू. राहिलेल्या दोघींवर सरळ जाईल की नाही?"

"सरळ जाईल," मास्तर म्हणाले. "अर्ध्या ताकदीनं. इतकी वर्षं तसाच चालला आहेस ना?"

जयवंतला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर मास्तर सड्यावर आले, तेव्हा त्यांच्या हातात कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. सूर्य मावळायच्या आधी तिथे थोडा वेळ वारा अगदी पडतो. गवताचं पातंही हलत नव्हतं. मास्तरांनी गाठोडं सोडलं आणि सळईभोवती, रेषेच्या दोन्ही अंगांना, तांदळाचं पीठ पसरायला सुरुवात केली. काळ्या कातळावर पांढरं रुंद कडं तयार झालं. मग तांब्यातून त्यावर पाण्याचा हबका मारला.

जयवंत दोन पावलं मागे सरला. "मास्तर, हे काय करताय?"

"तुला बोलावणारं कोण आहे ते पाहायचंय ना? बघू, कुणाचं पाऊल उमटतं. तू घाबरू नकोस. नेहमी करतोस तसंच सगळं कर, जास्त नाही, कमी नाही."

जयवंतनं रॉकेट चढवलं. पीठ पायांखाली थंडगार लागत होतं. तारा जोडताना पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं त्याला सारखं वाटत होतं. काम झालं तसा तो जवळजवळ पळतच पेटीपाशी गेला. किल्ली लावणार, तोच मास्तरांनी हात पुढे केला.

"किल्ली इकडे दे. आधी पीठ बघ."

"मी नाही बघणार."

"बघ, बाबा. मी आहे सोबत."

मास्तरांनी त्याला दंडाला धरून कड्यापाशी आणलं. जयवंतनं मिटलेले डोळे उघडले. पाखराचं पाऊल नव्हतं, उलटं पाऊल नव्हतं, आईचं म्हणावं असंही काही नव्हतं. पूर्वेला त्याची स्वतःची पावलं होती, टाचा रुतून बसलेली. उत्तरेला होती. दक्षिणेला होती. पश्चिमेला, पांढऱ्या दगडांच्या पलीकडे, पीठ जसं पसरलं तसंच होतं. त्यावर साधी ओरखड्याचीही खूण नव्हती.

"तिकडे कुणीच आलं नाही," जयवंत म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं.

"तेच तर," मास्तर म्हणाले. "कुणीच आलं नाही. तूसुद्धा नाही."

मास्तर खाली वाकले आणि त्यांनी पश्चिमेच्या मोटरीच्या चिमट्याला नुसता नखाचा धक्का लावला. चिमटा तारेवरून निसटून लोंबू लागला.

"तीन बाजूंना तू समोर बसतोस, डोळ्यांनी पाहून जोडतोस. चौथीला रेषेच्या अलीकडूनच हात लांबवतोस आणि तोंड फिरवून चाचपडत चिमटा अडकवतोस. तो धरतच नाही. मग जी बाजू तू टाळलीस ती पेटत नाही, आणि जी पेटत नाही तिच्याकडेच सगळं कलतं. अरे, आई कशाला बोलावील? तुझं तूच त्या अंगणात जाऊन पडतोयस, रोज. पाऊल टाकणार नाही म्हणालास ना, त्या न टाकलेल्या पावलालाच भूत समजून बसलास."

"पण ती घडी, मास्तर?"

"आईला मुलगे किती?"

जयवंत पश्चिमेकडे वळला. शेवटी त्यानं उजवा पाय उचलला, दगडांच्या ओळीवरून पलीकडे नेला आणि कोऱ्या पिठात ठेवला. मग डावा. पश्चिमेच्या बाजूला तो उकिडवा बसला, चौथी तार डोळ्यांसमोर धरली आणि चिमटा घट्ट बसवला. ओढून पाहिला, निघाला नाही.

उठून वळला आणि थबकला. रेषेच्या अलीकडून न दिसणारं घर इथून सगळं दिसत होतं. पुढच्या दाराला कुलूप होतं खरं. पण पडवीचं बाजूचं दार उघडं होतं आणि ओट्यावर शाल पांघरून एक कृश माणूस बसला होता. त्याचं तोंड वर, सड्याकडे होतं. रॉकेट उडायची वाट पाहत असावा.

जयवंतनं परत येऊन किल्ली घेतली आणि बटण दाबलं. चारही मोटरी एकदम पेटल्या. रॉकेट असं सरळ गेलं की दोघांच्या माना दुखल्या. वर, पार वर पॅराशूट उघडलं, तेव्हा पुन्हा सुटलेल्या वाऱ्यानं ते पूर्वेला, जयवंतच्याच हद्दीत नेलं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. तो उतार उतरत होता.

ओट्यावरच्या माणसानं त्याला येताना पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला, पण त्याला उठवेना.

"तीनच पेटायच्या रे तुझ्या," दादा म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. "रोज वाटायचं ओरडून सांगावं, पश्चिमेचा चिमटा बघ म्हणून. आवाजच पोचेना. रात्री काठी टेकत, बसत-उठत वर आणून ठेवायचो. न पेटलेली भिजवायचो, म्हटलं तुझ्या हातात फुटायला नको."

"आलास कधी मुंबईहून? सांगितलं नाहीस कुणाला."

"कुणाला सांगू?"

जयवंत ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. इतकी वर्षं छातीवर धोंड होऊन बसलेला प्रश्न त्यानं विचारला, पण या वेळी हळू विचारला. "दादा, आई गेली तेव्हा पिठात काय उमटलं होतं?"

दादानं शाल सारखी केली. "काहीच नाही रे. कोरं होतं. बायका म्हणाल्या, म्हातारी कुणाची तरी वाट बघत थांबलीय. आता हे मी तुला कसं सांगणार होतो? तू आधीच उशीर झाला म्हणून डोकं आपटून घेत होतास. गप्प बसलो. म्हटलं माझ्यावर चिडेल, चिडू दे. जन्मभर स्वतःला खात बसणार नाही."

जयवंत पायरी चढून वर आला आणि भावाशेजारी बसला. दादा त्याच्या पायांकडे बघत होता. सड्यावरचं ओलं पीठ तळव्यांना तसंच होतं आणि शेणानं सारवलेल्या ओट्यावर दोन पांढरी पावलं स्पष्ट उमटली होती.

"उमटलं बघ," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दादा आल्याचं कळून शेजारची बाई ओटा झाडायला आली, तर दादानं तिला थांबवलं.