यमूची निळी भिंत

टेकडीच्या पायथ्याशी एक इवलंसं पत्र्याचं घर होतं. तिथे यमू, तिची आई आणि तान्हा भिकू राहायचे. दुपारी पत्र्याची भिंत तव्यासारखी तापायची. भिकूच्या गुलाबी पाठीवर घामोळं उठायचं आणि तो रडून रडून दमायचा. आई कामावर गेलेली. मग यमूच त्याला सुपाने वारा घालत बसायची.

एकदा जवळच्या एका बागेच्या कुंपणाशी तिला चिमुकली निळी परी दिसली. परीचा चमचमता पंख बाभळीच्या काट्यात अडकला होता. यमूने तो हलक्या हाताने सोडवला, कुठे फाटू दिला नाही.

"माग, काय हवं?" परी म्हणाली.

"आमच्या भिकूला गार सावली."

परीने तिच्या ओंजळीत गोकर्णीचं बी ठेवलं. "साल टणक आहे हं! दगडावर जरा घास, रात्रभर भिजव, मग भिंतीशी पेर. अट एकच. या वेलापायी कुणाला मारायचं नाही. मारलंस, तर वेल संपला."

"एवढंच?" यमू हसली.

बी रुजलं. कोवळा वेल सुतळी धरून सरसर चढला. निळीशार फुलं उमलली, प्रत्येकाच्या पोटात पांढरा-पिवळा ठिपका! अर्धी भिंत झाकली.

आणि एका सकाळी शेजारच्या सगुणाकाकूंची शेळी दावं तोडून आली. तिने वेल बुडापर्यंत फस्त केला.

काकू धावत आल्या. "हाण तिला, यमे! माझी असली म्हणून काय लाड करायचे?"

यमूच्या हातात काठी होती, डोळ्यांत पाणी. आत भिकू रडत होता. पण शेळीच्या पोटाशी दोन करडं लुचत होती. यमूने काठी खाली ठेवली.

"भुकेली होती हो, काकू. दोघांना पाजते ना ती!"

तिने शेळीला पाणी पाजलं, उरलेलं वेलाच्या खुंटाला घातलं.

"मेल्या खुंटाला कसलं पाणी घालतेस?"

"खाली मूळ आहे की," यमू ठामपणे म्हणाली.

आणि होतंच! एका खोडाच्या जागी कितीतरी हिरवे फुटवे आले. पुढच्या उन्हाळ्यात अख्खी भिंत निळीनिळी झाली.

भर दुपारी परी आली.

"तूच जादू केलीस ना?" यमूने विचारलं.

"छे गं! शेळीने बुडापर्यंत खुडला, म्हणून वेल दाट झाला. तू तिला मारलं नाहीस, म्हणून तो टिकला. आता दरवर्षी फुलेल. शेंगा वाळल्या की बी वाटत जा. पहिलं काकूंना दे."

पानापानांतून निळा उजेड लखलखला आणि परी त्यात विरून गेली.

एवढा उजेड पडला, तरी भिकू काही जागा झाला नाही. गार भिंतीशी तो ढाराढूर झोपला होता.