उरलेली अर्धी कादंबरी

फोनवर कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचा एक गट होता. तू माझी वाच, मी तुझी वाचते, आणि खरं मत सांगायचं. आधी अर्धीच कादंबरी गटात टाकायची. वाचणाऱ्याने मागितली की उरलेली द्यायची, अशी तिथली रीत. गटाचे प्रमुख बोरगावकर सर. त्यांनी नापास केलं की माणूस गटाबाहेर.

बार्शीच्या वैजयंताने बाळाला मांडीवर घेऊन, एका अंगठ्याने कादंबरी लिहिली होती. घरात ती कुणी वाचत नव्हतं. पुढे काय झालं, असं कुणीतरी विचारावं एवढीच तिची आस. अर्धी गटात टाकली आणि ती फोनकडे बघत बसली.

सरांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "बाई, अख्खी वाचली. सुरुवात बरी आहे, पण शेवट पार फसलाय. लिहिणं हे तुमचं काम नव्हे. गटातून काढतोय."

वैजयंताला रडूच आलं. मग डोळे पुसून तिने लिहिलं, "काढा खुशाल, सर. पण शेवट तर अजून माझ्याकडेच आहे. न पाठवलेलंही तुम्ही वाचता, मग आम्ही लिहायचे कष्ट कशाला घ्यायचे?"

गटभर हशा उसळला. सर तिला काढायचंही विसरले. पण वैजयंताला हशा नकोच होता.

तेवढ्यात उदगीरच्या शमीमआपांचा निरोप आला, "अगं, हसणं राहू दे. तुझ्या कादंबरीतली, विहिरीत उतरलेली ती पोर वर येते का?"

वैजयंताने ते काही सांगितलं नाही. त्याच अंगठ्याने उरलेली कादंबरी पाठवून दिली.